चांगल्याचा पदर घेतलेले वाईट

आपल्या चर्चच्या महिला मंडळातल्या आम्ही पाच जणी आज पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहोत. माइकसमोर एकच बसली आहे, पण हे लिहिताना पाचही जणी बसलो होतो, मधूनमधून भांडलोही. म्हणून सगळे बोलणे 'आम्ही' असेच आहे.

सध्या आमचा उपवासकाळ चालू आहे. तेव्हा ख्रिस्ती माणसाने वाईट सोडून चांगले कसे निवडावे यावर बोला, असे रेडिओच्या ताईंनी सुचवले. आम्हाला वाटले, सोपा विषय आहे. दहा आज्ञा आहेत, खून करू नये, चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये. एकेकीवर दीड मिनिट बोलले तरी वेळ भरून निघेल. लिहायला बसलो आणि पेन अडले. आमच्यापैकी कोणी खून केलेला नाही, दरोडा घातलेला नाही. तरी गेल्या वर्षी आमच्या हातून एका बाईचे नुकसान झाले. आणि ते होत होते तेव्हा आम्ही गुडघ्यांवर होतो, हात जोडलेले होते.

ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कशासाठी आहे ते कळेल.

मंडळाची प्रार्थना दर बुधवारी संध्याकाळी असते. रोझरी म्हणून झाली की जिला जे मागायचे ते ती मागते. कोणाच्या मुलाची दहावी, कोणाच्या सासूबाईंचा मोतीबिंदू. एका बुधवारी एक ताई चपला घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळली आणि आमच्यातल्या एकीला हळूच म्हणाली, घरी नवरा हात उचलतो, कोणाला सांगू नकोस. आमच्या त्या मैत्रिणीला रात्रभर झोप आली नाही. पुढच्या बुधवारी तिने हेतू मांडला, की आपल्यातल्या एका बहिणीच्या घरी शांती नांदावी, तिच्या नवऱ्याचा राग निवळावा. नाव घेतले नाही. पण आपल्याकडे नाव घ्यावे लागते का? ताई त्या दिवशी आली नव्हती. बाकीच्यांच्या माना खाली होत्या आणि डोळे मात्र एकमेकींकडे वळले होते. शनिवारपर्यंत गोष्ट तिच्या सासरी पोचली. त्यानंतर आमच्यातली आणखी एक तिला बाजारात भेटली आणि धीर द्यायचा म्हणून म्हणाली, "सहन कर गं, प्रत्येकीला आपापला क्रूस असतो."

त्या शनिवारी रात्री काय झाले ते इथे सांगणार नाही. हे भाषण तिने आधी वाचले आहे, त्यातली दोन वाक्ये खोडली आहेत आणि बाकीचे बोला म्हणाली आहे.

आता यात वाईट कोणी निवडले? दोघींपैकी कोणालाही विचारा, ती म्हणेल, मी तर चांगलेच करत होते. एक प्रार्थना करत होती, दुसरी धीर देत होती. आमची अडचण हीच आहे. वाईट शिंगे-शेपटी घेऊन दारात उभे राहिले तर कोणतीही बाई दार लावून घेईल. ते डोक्यावर पदर घेऊन, हातात जपमाळ घेऊन येते तेव्हा आपण त्याला पाट मांडतो.

शुभवर्तमानातही असेच आहे, फक्त आपण लक्षपूर्वक वाचत नाही. प्रभू येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, तेव्हा सैतान त्याला काय देऊ करतो? भाकरी. भुकेल्या माणसाला भाकरी सुचवण्यात वाईट काय आहे? मग म्हणतो, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, आणि वर स्तोत्रसंहितेचा आधार देतो. म्हणजे शास्त्रवचन सैतानालाही पाठ आहे. संत पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात बजावले आहे की सैतानसुद्धा तेजस्वी देवदूताचे रूप घेतो. ओळखायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

आमच्याकडे साधना घ्यायला आलेल्या एका सिस्टरनी आम्हाला संत इग्नेशियस लोयोला यांची गोष्ट तपशिलात सांगितली. नाव आम्ही ऐकून होतो. पुण्या-मुंबईकडे लोयोला, झेवियर ही नावे शाळा-कॉलेजांवर असतात. त्यांनी स्थापलेल्या येशूसंघाला पोपने १५४० साली मान्यता दिली. त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले, आणि पुढे त्याच संघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली गोव्यात राशोलला छापले गेले. इतके आम्हाला माहीत होते. पण चांगले-वाईट पारखायच्या बाबतीत या माणसाने स्वतः किती चुका केल्या, ते माहीत नव्हते. खरे सांगायचे तर त्या चुका ऐकूनच आम्हाला ते जवळचे वाटले.

पहिला काळ ते संत नव्हतेच, म्हणून एकेरीच बोलू. स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेशात लोयोला नावाच्या घराण्यात १४९१च्या सुमारास तो जन्मला. नाव इनिगो. सरदार घराणे, तलवारीची हौस, कपड्यांची हौस. १५२१च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांशी लढताना तोफगोळ्याने त्याचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसले नाही म्हणून पुन्हा मोडून बसवले. तरी गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा बाहेर आलेला राहिला. पायाला घट्ट बसणारे उंची बूट त्यावर घालता येणार नाहीत, म्हणून त्याने तो तुकडा करवतीने कापून घेतला. तेव्हा भूल द्यायची सोय नव्हती. बुटासाठी! आमच्यातली एक म्हणाली, "आणि बायकांना नट्टापट्ट्यावरून बोलतात."

बिछान्यावर पडल्या पडल्या त्याने वाचायला शूर सरदारांच्या प्रेमकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. वहिनी माग्दालेनाच्या घरात होती ती दोन पुस्तके मिळाली, एक ख्रिस्ताचे चरित्र आणि एक संतांच्या कथांचे. इनिगो ती वाचायचा, कंटाळला की पुस्तक ठेवून स्वप्ने रंगवायचा. एका थोर घरच्या स्त्रीला आपण कसे भेटू, काय बोलू, काय पराक्रम गाजवू, यात तीन-तीन चार-चार तास जायचे. आणि मध्येच दुसरे स्वप्न, की संत फ्रान्सिसने केले, संत डॉमिनिकने केले, ते आपणही का करू नये?

दोन्ही स्वप्ने गोडच होती. फरक नंतर कळायचा. पहिले संपले की मन कोरडे पडायचे, किरकिरे व्हायचे. दुसरे संपल्यावरही मन भरलेले राहायचे. पुष्कळ दिवस त्याचे तिकडे लक्षच नव्हते. मग एकदा गेले. आज जगभर चांगले-वाईट पारखण्याची जी इग्नेशियसची पद्धत शिकवतात, तिची सुरुवात ही, पाय मोडून पडलेल्या एका माणसाला पडलेला प्रश्न, की हे झाल्यावर मला असे का वाटते, आणि ते झाल्यावर तसे का?

तुम्ही म्हणाल, झाले, कळले त्याला. नाही ना! पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो खेचरावर बसून मोन्सेरात नावाच्या डोंगरावरच्या मरियेच्या तीर्थाला निघाला. वाटेत एक मूर, म्हणजे तिथला मुसलमान वाटसरू, सोबतीला लागला. बोलता बोलता पवित्र मरियेचा विषय निघाला. पुरुषाशिवाय गर्भ राहिला हे मूराने मानले, पण बाळंतपणानंतरही ती कुमारी राहिली हे त्याला पटेना. वाद झाला आणि मूर घाईने पुढे निघून गेला. इकडे इनिगोच्या मनात कालवायला लागले. आपल्या आईबद्दल, देवमातेबद्दल तो असे बोलला आणि आपण त्याला जाऊ दिले? त्याला गाठावे आणि कट्यार खुपसावी, असे त्याला वाटू लागले. करावे की करू नये, पुष्कळ विचार केला, डोके शिणले, ठरेना. शेवटी त्याने काय केले, तर पुढच्या फाट्यापर्यंत खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर मूराच्या गावाकडे वळले तर भोसकायचे, हमरस्त्याने गेले तर सोडून द्यायचे. गावाचा रस्ता रुंद होता, चांगला होता, गाव जवळ दिसत होते. खेचर हमरस्त्याने गेले.

हे कोणा टीकाकाराने लिहिलेले नाही. म्हातारपणी रोममध्ये त्यांनी स्वतः एका सोबत्याला आपली हकीकत सांगितली, तीत हे आहे. आम्ही यावर पुष्कळ बोललो. त्या माणसाला सैतानाने असे सुचवले नाही, की जा, निष्पापाचा जीव घे. सुचवले असते तर इनिगो चरकला असता. त्याला सुचले ते असे, की आईचा मान राख. खुनाच्या डोक्यावर भक्तीचा पदर होता. आपल्या देवाचा, आपल्या आईचा, आपल्या धर्माचा मान राखायचा म्हणून कोणाच्या अंगावर धावून जावेसे वाटते, तेव्हा प्रत्येक वेळी वाटेत शहाणे खेचर असतेच असे नाही. हे आम्ही कोणत्या एका धर्माबद्दल म्हणत नाही. ही गोष्ट तर आमच्याच संताची आहे.

मोन्सेरातला पोचल्यावर त्याने आपले उंची कपडे एका भिकाऱ्याला देऊन टाकले आणि गोणपाटाचा झगा घातला. हे तर निर्विवाद चांगले. दुसऱ्या दिवशी वाटेत एक माणूस मागून धावत आला. विचारू लागला, की तुम्ही कपडे दिलेत म्हणून तो भिकारी सांगतो, ते खरे का? त्याच्या अंगावर सरदाराचे कपडे पाहून लोकांनी त्याला चोर ठरवले होते. इनिगोच्या डोळ्यांत पाणी आले. चांगले करताना दुसऱ्याच्या अंगावर काय येईल हे पाहिले नव्हते. बुधवारच्या त्या प्रार्थनेची आठवण आम्हाला या ठिकाणी झाली. आमच्यातली जी होती, ती गप्प झाली.

मग मान्रेसा गावी तो जवळजवळ वर्षभर राहिला. इथे तिसऱ्याच तऱ्हेचे वाईट आले. आपण सगळी पापे नीट कबूल केली नाहीत, काहीतरी राहिले, हा भुंगा डोक्यात शिरला. पुन्हा पुन्हा पापकबुली, तरी समाधान नाही. रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना, तरी नाही. शेवटी जीव द्यावा असे वाटण्यापर्यंत गेले. पापाचा पश्चात्ताप चांगलाच, नाही का? पण हा पश्चात्ताप कुठे घेऊन चालला आहे ते त्याने पाहिले, आणि हे देवाकडचे नव्हे असे ठरवून जुनी पापे उकरणे बंद केले. मैत्रिणींनो, अपराधीपणाने पोखरून निघणाऱ्या बायका आपण पाहतो. मूल आजारी पडले, माझेच पाप. नवरा गेला, माझेच काही चुकले असेल. जीव नकोसा होण्यापर्यंत गेले असेल तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका, घरातल्या किंवा शेजारच्या विश्वासाच्या माणसाला सांगा, डॉक्टरकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

आणखी दोन छोट्या गोष्टी, कारण त्या आपल्या रोजच्या आहेत. मान्रेसाला रात्री झोपायला गेले की त्याला प्रार्थनेतले मोठे मोठे विचार सुचायचे. झोप उडायची. त्याने विचार केला, देवासाठी दिवसाचा एवढा वेळ ठेवला आहे, मग हे झोपेच्याच वेळी का येते? आणि तो झोपू लागला. पुढे बार्सिलोनात तिशी ओलांडल्यावर लहान मुलांबरोबर बसून लॅटिनचे व्याकरण पाठ करायची वेळ आली, तेव्हाही तेच. रूपे पाठ करायला घेतली की भक्तीचे उमाळे. प्रार्थनेला बसल्यावर येत नाहीत एवढे व्याकरणाच्या वेळी येतात, म्हणजे यात काहीतरी काळेबेरे आहे, हे त्याने ओळखले आणि गुरुजींना जाऊन सांगितले, की मी दोन वर्षे तुमच्या वर्गात नियमाने बसेन. आमच्यातल्या एकीने कबूल केले, की घरी मुलाचा अभ्यास घ्यायची वेळ आली की तिला चर्चच्या फुलांची आठवण होते.

या सगळ्या अनुभवांतून त्यांनी काही नियम लिहून काढले. आता 'त्यांनी' म्हणू. 'आध्यात्मिक साधना' या त्यांच्या पुस्तकात ते आहेत. पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ साली मिळाली. सगळे नियम सांगत नाही. जे आमच्या त्या बुधवारला लागू पडले तेवढेच सांगतो.

वाईट आपल्याशी कसे वागते याच्या तीन उपमा त्यांनी दिल्या आहेत. पहिली ऐकून आम्ही पाचही जणी एकदम बोललो. ते म्हणतात, वाईट हे भांडणाऱ्या बाईसारखे असते. पुरुष ठाम उभा राहिला की तिचे बळ जाते, तो डगमगला की तिच्या रागाला सीमा राहत नाही. आम्हाला हे मान्य नाही. ज्या माणसाला वहिनीने पुस्तके दिली, ज्याच्या शिक्षणाला बार्सिलोनाच्या इझाबेल रोझेर या बाईंनी पैसे पुरवले, त्याने ही उपमा द्यावी! सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, पाचशे वर्षांपूर्वीचा सैनिक होता, तुम्हाला दुसरी सुचते का पाहा. आम्हाला सुचली. गल्लीतले कुत्रे. पाठ दाखवून पळालात की पिंडरी धरते, उभे राहून दगड उचलायला वाकलात की लांब जाते. सांगायचे आहे ते एवढेच, की मोहापुढे पहिल्याच क्षणी ठाम राहावे. उपमा आमची घ्या.

दुसरी उपमा मात्र सोळा आणे खरी आहे. वाईट हे खोट्या प्रियकरासारखे असते, असे ते म्हणतात. चांगल्या घरच्या मुलीला किंवा कोणाच्या बायकोला फूस लावणारा माणूस सर्वांत जास्त कशाला भितो? तिने बापाला किंवा नवऱ्याला सांगण्याला. 'कोणाला सांगू नकोस' हे त्याचे पहिले वाक्य. म्हणून मनात जे लपवावेसे वाटते ते एखाद्या जाणत्या, विश्वासू माणसाला सांगावे, सांगितले की त्याचा डाव उघडा पडतो. इथे आमच्यात जोराचा वाद झाला. आमची मैत्रीण म्हणाली, "म्हणजे मी बोलले ते बरोबरच ना? गुपित उघडे केले."

नाही. पुष्कळ वेळ लागला, पण उत्तर मिळाले. गुपित उघडे केले ते ताईने. मार लपलेला राहावा ही मारणाऱ्याची इच्छा होती, आणि ती मोडून तिने तोंड उघडले, एका माणसाजवळ, विश्वासाने. धाडस ते होते. आमच्या मैत्रिणीने ते पुढे नेऊन अठरा जणींत सांडले. इग्नेशियस जाणत्या माणसाला सांगा म्हणतात, चव्हाट्यावर मांडा म्हणत नाहीत. त्या ऐवजी तिने त्याच रात्री ताईला विचारायला हवे होते, की तुला काय हवे आहे? माझ्या घरी येऊन राहतेस? फादरांशी बोलू की पोलिसात जाऊ? बाईला घरात मारहाणीपासून संरक्षण देणारा कायदा २००५ सालापासून आहे, त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, जिवावर बेतले तर ११२ आहे. आम्हाला यातले एकही तेव्हा ठाऊक नव्हते. प्रार्थना मात्र तोंडपाठ होत्या.

तिसरी उपमा सेनापतीची. तो किल्ल्याभोवती फिरून पाहतो आणि जिथे तटबंदी कच्ची असेल तिथेच हल्ला करतो. आपली कच्ची बाजू कोणती हे आपल्याला ठाऊक हवे. आम्ही पाचही जणींनी चिठ्ठीवर आपापली लिहिली. चिठ्ठ्या उघडल्यावर गंमत अशी झाली, की तिघींनी जवळजवळ एकच लिहिले होते. लोकांनी आपल्याला चांगली बाई म्हणावे, ही हाव. रागीटपणा, आळस, पैशाचा लोभ यांच्याशी आम्ही लढत होतो आणि शत्रू या बाजूने कधीच आत आला होता.

आणि मग तो नियम, ज्यासाठी आम्ही सिस्टरांचे पाय धरावेत. चांगल्याच्या रूपात आलेला विचार पारखायचा असेल तर त्याची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही पाहा, असे इग्नेशियस सांगतात. तिन्ही चांगली असतील तर तो चांगल्याकडून आला. कुठेही तो वाईटाकडे, किंवा आधी ठरवलेल्यापेक्षा कमी चांगल्याकडे वळला, मनाची शांती गेली, तर समजावे की शेपटी दिसली. शेपटी हा शब्द त्यांचाच आहे. सापाची शेपटी. मग मागे जायचे आणि नेमका कुठे वळला ते शोधायचे.

आम्ही तसे मागे गेलो. सुरुवात, आमच्या मैत्रिणीला ताईची खरोखर काळजी वाटली होती. इथे काही खोट नाही. शेवट तुम्हाला माहीत आहे. मग वळण कुठे? तिने खूप आठवून सांगितले. हेतू मांडताना तिचा आवाज एकदम हळू झाला होता, आणि सगळ्यांचे कान आपल्याकडे लागले आहेत हे तिला जाणवले होते, आणि ते तिला आवडले होते. एवढेच. दोन सेकंदांचे. ते आठवेपर्यंत ती स्वतःला प्रार्थना करणारी म्हणत होती. आठवल्यावर ती रडली नाही. मोकळी झाली, असे म्हणाली.

बाजारात क्रूसाबद्दल बोलणारीनेही शोधले. तिला ताईच्या डोळ्यांत बघवेना, काय बोलावे सुचेना, तिथून लवकर निघायचे होते. क्रूसाचे वाक्य तयार होते. आता आमचे सर्वांचे मत सांगतो, कोणाला पटो न पटो. ख्रिस्ताने क्रूस स्वतःहून उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवून "वाहा" म्हणणारे त्या गोष्टीत दुसरेच लोक होते.

हे सगळे लक्षात आल्यावर आम्हाला इतकी लाज वाटली, की मंडळच बंद करू या असे ठरत आले होते. तिथेही एक नियम आडवा आला. मन अंधारात, उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. उजेड असताना जे ठरवले त्यावर टिकावे, वाटल्यास थोडी प्रार्थना वाढवावी. आपल्या घरांतही हे किती लागू आहे पाहा. भांडणाच्या रात्री केलेले ठराव सकाळी कसे दिसतात! पण हाही नियम नीट समजून घ्या. मार खाणाऱ्या बाईने घर सोडायचे नाही, असा त्याचा अर्थ कोणी सांगितला तर ऐकू नका. आग लागलेल्या घरातून बाहेर पडायला मन प्रसन्न असावे लागत नाही.

आता रोज करायचे काय? इग्नेशियस यांनी दिवसाचा हिशेब घालून दिला आहे. रात्री भांडी आवरली की दहा मिनिटे पुरतात. आधी दिवसात जे मिळाले त्याबद्दल देवाचे आभार. हे पहिले का, तर आधी चुका मोजायला बसलो की आपण मान्रेसाच्या खड्ड्यात जातो. मग, देवा, मला खरे दिसू दे, अशी विनंती. मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्यायचा, कुठे मन ओले होते, कुठे कोरडे पडले, काय विचार केला, काय बोललो, काय केले. जे चुकले त्याची क्षमा, आणि उद्या काय दुरुस्त करायचे ते.

याशिवाय एकाच दोषाचा वेगळा हिशेब ठेवायची एक युक्ती त्यांनी सांगितली आहे. ती ऐकल्याबरोबर आम्ही म्हटले, अरे, हे तर दुधाचे कॅलेंडर! आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी ओळी आखायच्या. दुपारी आणि रात्री जेवणानंतर, तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके द्यायचे. दिवस दुसऱ्या दिवसाशी, आठवडा आठवड्याशी ताडून पाहायचा. दुधवाला किती दिवस आला नाही हे आपल्याला बोटावर पाठ असते, पण आपण किती वेळा दुसरीची गोष्ट तिसरीला सांगितली याचा हिशेब कोणाकडे असतो? आम्ही पाच जणी पाच महिने हे करतो आहोत. पहिल्या आठवड्यात एकीचे एका दिवसात अकरा ठिपके झाले आणि तिने वही फेकून दिली. दुसऱ्या दिवशी शोधून आणली. आता रोज दोन-तीन असतात. शून्य कोणाचेच झालेले नाही.

बुधवारची प्रार्थनाही बदलली. हेतू आता मोठ्याने कोणी मांडत नाही. जिला मागायचे ती चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या डब्यात टाकते. डबा उघडला जात नाही. महिन्याच्या शेवटी चिठ्ठ्या न वाचता जाळतो. काही जणींना हे आवडले नाही, प्रार्थनेत मजा राहिली नाही म्हणाल्या. 'मजा' हा शब्द त्यांनी चुकून वापरला असेल.

ताईकडे आम्ही तिघी गेलो होतो. माफी मागितली. तिने पाणी दिले, चहा दिला नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फोन नंबर लिहिलेला कागद घेऊन गेलो आणि फक्त एवढे विचारले, की तुला आमच्याकडून काही हवे आहे का? तिने तेव्हा नाही म्हटले. तीन आठवड्यांनी रात्री साडेनऊला आमच्यातल्या एकीचा फोन वाजला. पुढचे तिचे आहे, ते सांगायचा अधिकार आम्हाला नाही. बुधवारी ती मधूनमधून येते. आली की दाराजवळ बसते. आम्ही तिला पुढे बोलावत नाही.